फुलवालीची भाषा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीतील एक लहानसा प्रसंग अद्याप माझ्या मनातून जात नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ नाटकातील एक प्रवेश आम्ही बसवीत होतो. शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारे प्राध्यापक आणि फुले विकणारी मंजुळा, असा तो सामना. मंजुळेचे काम करणारी नववीतील मुलगी वाक्य विसरली आणि ‘मी जाऊन राहिले आहे’ असे बोलून गेली. मी तिला सर्वांदेखत म्हणालो, ‘हे मराठी नव्हे!’ मुले हसली. तिचा चेहरा उतरला.

त्या रात्री मला माझे बालपण आठवले. माझी मातृभाषा कोंकणी. वर्गात घरचा एखादा शब्द तोंडून निसटला की असाच हशा पिकत असे. मग मी उत्तर येत असूनही गप्प बसे. तेच दुःख मी आज दुसऱ्याला दिले होते.

आपल्या नाटकांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि कालिदासाची शकुंतला मराठी पदे गाऊ लागली. देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ केले. १८९२ साली मुंबईत झालेला पहिला कोंकणी तियात्र ‘इटालियन भुरगो’ हा इटालियन संगीतनाटकाच्या प्रेरणेतून जन्मला. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील लंडनची फुलवाली १९७५ साली मंजुळा होऊन मराठी रंगभूमीवर आली. एवढे परक्यांकडून घेऊनही आपण परके झालो नाही. कारण ‘हे माणूस आपल्या गावी असते, तर कसे बोलले असते?’ हा प्रश्न रूपांतरकाराला आपल्याच लोकांचे बोलणे कान देऊन ऐकावयास लावतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची क्षमा मागितली. ती हळूच म्हणाली, ‘सर, लंडनची फुलवाली मराठीत आली, तर ग्वाल्हेरला का नाही येऊ शकत?’

मी निरुत्तर झालो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे राजधानी आणली. तेव्हापासून मराठी घराणी येथे नांदत आहेत. इतक्या पिढ्यांच्या शेजारात त्यांच्या मराठीने हिंदीची काही वळणे उचलली, तर त्यात नवल काय? अखेर मुलांनी मूळ प्रवेश बाजूस ठेवून स्वतःच एक छोटा प्रवेश लिहिला. त्यांची फुलवाली महाराज बाड्यावर बसली आणि ग्वाल्हेरी मराठीत बोलली.

वह्यांतील चुका मी आजही लाल शाईने दुरुस्त करतो. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे. परंतु संमेलनाच्या दिवशी पहिल्या रांगेतील एक आजीबाई आपलेच बोलणे रंगमंचावरून ऐकून मोकळेपणाने हसल्या. त्या हसण्यात आणि तालमीतल्या त्या हशात केवढे अंतर होते!