चाळिसाव्या लेव्हलला काय करायचं?

रोल-प्लेइंग गेममधला सगळ्यात सुंदर काळ कुठला? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या चार-पाच लेव्हल्स. खिशात दमडी नाही, अंगावर चामड्याचं फाटकं चिलखत, आणि रस्त्यात साधा लांडगा भेटला तरी जीव मुठीत. तिथे दोनची तीन लेव्हल झाली की दिवाळी!

मग शेवटच्या लेव्हल्सना काय मजा उरते? प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २००१ मध्ये त्याच्या उत्तरादाखल एक अख्खं एक्स्पान्शन काढलं: बाल्डर्स गेट २ चं 'थ्रोन ऑफ भाल'. तसा हा गेम माझ्या मामेभावाच्या पिढीचा. मी खेळलो तो बऱ्याच वर्षांनी, एन्हान्स्ड एडिशनमध्ये, शनिवारी रात्री चहाचा थर्मास शेजारी ठेवून.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: भाल हा खुनाचा देव. आपण मरणार हे त्याला आधीच कळलेलं, म्हणून त्याने माणसांच्या जगात भरपूर पोरं पैदा करून ठेवली. ती मेली की त्यांच्यातला दैवी अंश गोळा होणार आणि बाप परत जिवंत होणार. आपण त्यातलंच एक पोर. (बॅकअप प्लॅन म्हणून वाईट नाही. फक्त बॅकअपला स्वतःचं डोकं असतं, हे साहेब विसरले.)

आता जरा आकडे बघू. १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये एक्स्पीरियन्सला ८९,००० ची मर्यादा होती, म्हणजे लढवय्या जेमतेम सातव्या लेव्हलपर्यंत जायचा. दुसऱ्या भागात ती २९ लाख ५० हजार झाली. थ्रोन ऑफ भालने थेट ८० लाखांवर नेली. लढवय्याची चाळिसावी लेव्हल!

गंमत अशी की ज्या नियमांवर हा गेम उभा आहे, त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या आवृत्तीत नवव्या लेव्हलपर्यंत लढवय्याला दर वेळी दहा बाजूंचा फासा टाकून हिट पॉइंट्स मिळतात. त्यानंतर? सरसकट तीन. नेम सुधारणंही विशीच्या आसपास थांबतं. फाशाला बाजूच वीस; तुम्ही इतके तयार झालात की फासा जवळजवळ काहीही पडला तरी घाव लागतोच, मग तो टाकायचा कशाला? बहुतेक डिझायनर या भानगडीत पडतच नाहीत. लॅरियनने २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ काढला तेव्हा सरळ बाराव्या लेव्हलला कुंपण घातलं.

बायोवेअरने वेगळा रस्ता काढला. आकडे वाढत नाहीत ना, मग नव्या करामती द्या. लढवय्याला एका फेरीत दहा वार करता येतात. चोराला कुणाचीही वस्तू वापरता येते, अगदी जादूगाराचीसुद्धा. जादूगाराच्या 'विश' मंत्राने तर जिनी हजर होतो आणि पर्याय पुढे ठेवतो. पण तुमचा शहाणपणाचा आकडा कमी असेल तर पर्यायही तसेच चावट. ताकद भरपूर आणि अक्कल बेताची असलेल्यांचं काय होतं, याचं इतकं नेमकं कोडिंग मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण मला खरा लक्षात राहिला तो साराडुश गावाचा भाग. याग-शुरा नावाच्या अग्निराक्षसाने गावाला वेढा घातलेला असतो, आणि त्याच्यावर शस्त्र चालत नाही. का? तर त्याचं काळीज दुसरीकडे लपवलेलं. आजीच्या गोष्टीतला राक्षस आठवला ना, ज्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो? अगदी तसंच. आपण जातो, काळजाचा बंदोबस्त करतो, परत येऊन राक्षसाला मारतो. आणि तोवर साराडुश जळून गेलेलं असतं. कसंही खेळा, गाव वाचत नाही. विसाव्या लेव्हलच्या पुढचे आपण, ड्रॅगन मारून आलेले, आणि एक गाव वाचवता येत नाही. मी तेव्हा चिडून लॅपटॉप मिटला होता. आता वाटतं, लेखकांना बहुधा हेच सांगायचं असेल.

अगदी शेवटी, सगळ्या लढाया संपल्यावर, एक सवाल येतो. बापाचं सिंहासन घ्या आणि देव व्हा, किंवा अंगातला दैवी अंश सोडून माणूस म्हणून जगा. सोबती आपापलं मत देतात. सूत जुळलेलं असेल तर ती व्यक्ती थांब म्हणते. ८० लाख पॉइंट्स जमवल्यावर गेम विचारतो काय, तर हे सगळं तुला खरंच हवंय का?

हे आत्ता आठवण्याचं कारण ऑफिसमधलं आहे. अप्रेझलमध्ये मला डिलिव्हरी मॅनेजरची जागा देऊ केलीये. पगार चांगला वाढेल, फ्लॅटच्या हप्त्याला मोठा आधार. कोड मात्र सुटणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बावीस माणसं, तीन क्लायंट, आणि एक्सेल. आईच्या मते विचार करण्यासारखं यात काही नाहीच. बायको म्हणाली, "हप्ता भरू रे कसाही, पण तू रात्री जेवताना कसा असशील ते सांग." याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही.

मामेभावाला फोन केला. तो स्वतः मॅनेजर होऊन सात वर्षं झाली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू शेवटी देव झालास की माणूस राहिलास?"

"माणूस," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

"मी देव झालो होतो," तो म्हणाला. "शेवट छान आहे तो पण. फक्त त्याच्यापुढे गेम नाही."

हे दोन्ही शेवटांबद्दल खरं आहे, असं मी त्याला म्हणणार होतो. पण त्याला दुसरा कॉल आला.

सोमवारी सांगायचंय. 'नको' असंच सांगेन म्हणतो. कीबोर्डवरचा हात अजून गरम आहे, आणि मी अजून सातव्या-आठव्या लेव्हललाच असेन, जिथे फासा टाकावा लागतो. हप्त्याचं बघू.