सोलणं विकत, फोडणी घरची

वालाचं बिरडं करायचं तर दोन दिवस आधी ठरवावं लागतं. सकाळी वाल भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, चांगले मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. सहा माणसांच्या बिरड्याला एकटीच बसली तर बाईचा तास सहज जातो. माझ्या सासूबाई मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्या माहेरी श्रावणात बिरडं सारखं व्हायचं आणि दुपारी घरातल्या सगळ्या बायका परातीभोवती सोलायला बसायच्या. लग्न होऊन त्या डोंबिवलीला आल्या तेव्हा परात सोबत आली, भोवतीच्या बायका तिकडेच राहिल्या. पुढे कितीतरी वर्षं आईंनी हे काम एकटीनं केलं. मी त्यांना आईच म्हणते.

मी फोर्टमध्ये नोकरी करते. गाडी वेळेवर मिळाली तर सव्वासातला घरात पाऊल पडतं. साडेआठला पानं घ्यावीच लागतात, कारण सासऱ्यांच्या मधुमेहाच्या औषधाची वेळ जेवणाशी बांधलेली आहे. मधल्या सव्वा तासात हातपाय धुणं आलं, मुलीची वही बघणं आलं, आणि स्वयंपाकही आला. त्यामुळे काय विकत आणायचं आणि काय घरी करायचं हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. बरीच वर्षं तो सोडवता सोडवता माझं मत पक्कं झालंय की कष्ट विकत घ्यावेत, चव घेऊ नये. निवडणं, सोलणं, मोड आणणं, दळणं, लाटणं यांचे पैसे मी आनंदानं देते. मसाला किती, गूळ किती, फोडणीत काय आधी आणि काय नंतर, हे मात्र माझ्या ओट्यावरच ठरतं.

स्टेशनबाहेर संध्याकाळी एक मावशी बसतात. टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावातून येतात. मोड आलेली मटकी, मूग, सोललेला लसूण, निवडलेली मेथी, मोडलेली गवार आणि पावसाळ्यात सोललेले वाल, अशा सगळ्याचे वाटे समोर मांडलेले असतात. त्यांच्याकडचे वाल पहिल्यांदा घरी नेले तेव्हा आईंनी पिशवी ताटात उपडी केली. वास घेतला, मोडांची लांबी पाहिली, एक दाणा नखानं मोडला. ‘‘गरम पाण्यात जरा जास्त राहिलेत गं. पण कडवे आहेत, आपल्याकडचेच,’’ म्हणाल्या आणि उठून नारळ फोडायला घेतला.

त्या दिवशी बिरडं अर्ध्या तासात झालं. तेलात मोहरी, हिंग, हळद. त्यावर कांदा, मग वाल. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं आणि कालथा अगदी हलक्या हातानं फिरवायचा, नाहीतर दाणे फुटून लगदा होतो. कुकरची शिटी तर नकोच. दाणा बोटांनी सहज चेपला जाईपर्यंत आमसूल घालायचं नाही, कारण आंबट पडलं की कडधान्य शिजायला फार वेळ घेतं. आमसूल, गूळ, जिरं-खोबऱ्याचं वाटण, वरून कोथिंबीर, हे सगळं शेवटी. सासरे काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेत होते. दुसऱ्या दिवशी मी मावशींना आईंचा निरोप सांगितला. ‘‘आजींना सांगा ताई, आता पाणी कोमटच ठेवते,’’ त्या म्हणाल्या. तेव्हाच कळलं की त्या आणि त्यांची सून पहाटे तीनला उठून सोलायला बसतात. सोललेले वाल पावसाळी हवेत दिवसभरापेक्षा जास्त टिकत नाहीत, चिकट होतात आणि वास मारतात. म्हणून आदल्या दिवशी सोलून ठेवायची सोय नाही.

हे ऐकल्यापासून मी त्यांच्याशी भाव करत नाही. माझा जो तास वाचतो तो हवेतून येत नाही. टिटवाळ्यापलीकडे दोन बायका अंधारात बसलेल्या असतात, त्यांच्याकडून येतो. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की त्यांना त्याचे पैसे मिळतात. आईंना कधी मिळाले नाहीत. हिशेबात तो तास कुणी धरलाच नव्हता. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे पाच वर्षांत बाईची जेमतेम दहा मिनिटं सुटली, आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली. मला हे आकडे वाचून राग आला होता, अजूनही येतो. लोकलच्या बायकांच्या डब्यात संध्याकाळी मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका मी रोज पाहते. प्रवासातली बसण्याची ती वीस-पंचवीस मिनिटंसुद्धा त्यांची नसतात.

वाल पावसाळ्याचे. एरवी फ्रिजमध्ये दोन गोष्टी कायम असतात, गोठवलेले मटार आणि इडलीचं तयार पीठ. मटार गोठवण्याआधी काही क्षण उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, म्हणून ते शेवटी घालायचे आणि पाच मिनिटांत उतरवायचे. ताज्यासारखे शिजवत बसलं तर रंग जातो आणि पिठूळ होतात. इडलीच्या पिठाची पिशवी घेताना तारीख बघते आणि हातानं दाबून बघते. जरा फुगलेली असली तर बिघडलेलं असेलच असं नाही, आंबण्याची क्रिया थंडीत मंदावते, थांबत नाही. तसलं पीठ इडलीला जास्त आंबट लागतं, पण कांदा-मिरची घालून त्याचे आप्पे फार छान होतात. थालीपिठाची भाजणी एका बचत गटाकडून येते. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची आच वेगळी. ते काम त्या बायका माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात.

तयार ग्रेव्हीची पाकिटं मात्र आमच्या घरात येत नाहीत. आपल्याकडच्या नियमानुसार पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. ती यादी एकदा शांतपणे वाचावी. पहिल्या चार-पाच नावांत तेल, मीठ, साखर भेटली की मी पाकीट परत ठेवते. सोडियमचा आकडाही बघते. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि आमच्या घरात रक्तदाबाचं माणूसही आहे. पण माझा खरा विरोध चवीचा आहे. ते पाकीट फोडलं की सोमवारचं पनीर आणि गुरुवारचा फ्लॉवर एकाच चवीचे होतात. माझ्या मुलीला मटारच्या उसळीची चव आणि मटकीच्या उसळीची चव डोळे मिटून ओळखता आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

विकतचं खाल्लं की घरपण जातं असं म्हणणारे नातेवाईक आहेत. त्यांच्याही पानात विकतचा पापड असतोच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. त्याच गिरगावात १९१० साली बेडेकरांचं दुकान सुरू झालं, आणि त्यांचा मसाला, त्यांचं लोणचं कित्येक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. गिरणगावात तर घरदार गावी ठेवून आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवूनच जगले. त्या बायका सावकारांच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. खोलीत चुलीपुढे राबणाऱ्या त्या बायकांचं काम हा उद्योग आहे, हे बँकेनं तेव्हा मान्य केलं. मला ही गोष्ट अतिशय मोलाची वाटते.

आमच्या पोळ्या मागच्या गल्लीतल्या केंद्रातून येतात. आठ बायका, तीन शेगड्या. आधी आई तयार नव्हत्या. भाजी बाहेरून चिरून आली तर चालेल, पोळी घरचीच हवी, असा त्यांचा आग्रह होता. मग त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी लाटणं बंद करायला सांगितलं आणि आम्ही पोळ्या सुरू केल्या. आता साडेसातला मुलगा जाऊन गरम पोळ्यांचा डबा घेऊन येतो, तोवर माझी भाजी आणि आमटी होते, कोशिंबीर नवरा करतो. आई डायनिंग टेबलाशी बसून नातीकडून पाढे म्हणवून घेतात. या वेळेला पूर्वी त्या ओट्याशी पाठमोऱ्या असायच्या.

मध्यंतरी सिलिंडर महागला म्हणून केंद्रानं पोळीमागे एक रुपया वाढवला. सोसायटीत कुरकुर सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मजल्यावरच्या बायका जमल्या होत्या, तिथेही तोच विषय निघाला. घरी पोळी कितीला पडते याचा कुणीतरी हिशेब मांडला, कणकेचा भाव, तेल, गॅस. आई खांदा सांभाळत तिळगूळ वाटत होत्या. म्हणाल्या, ‘‘यात लाटणारीचे किती धरलेत?’’ त्या बाईंनी धरलेच नव्हते. आईंनी तिथेच बसवून हिशेब नव्यानं मांडायला लावला, मिनिटांसकट. पोळी केंद्रापेक्षा बरीच महाग निघाली. पुढच्या आठवड्यापासून मजल्यावरच्या आणखी दोन घरांनी तिथे पोळ्या लावल्या.