डोहाळे

डोहाळे आंबट-तिखटाचे असावेत असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. कैरी, चिंच, फार तर भाजक्या मातीचा खडा. माझ्या लेकीला म्युनिकमध्ये सासेजचे डोहाळे लागले.

तिसरा महिना सरला तरी ओकाऱ्या थांबेनात, वजन चार किलोंनी उतरले, म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, मी तिकडे जाऊन पोचले. बरोबर मेतकूट, आमसुले, लिंबाचे गोड लोणचे. सगळे डबे तसेच राहिले. फोडणीची चाहूल लागली की ती तोंडाला रुमाल लावून न्हाणीघराकडे धावे. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, "आई, ब्राटवुर्स्ट खावंसं वाटतंय गं. पण तळताना येतो ना, तो वास नको."

आता आमच्याकडे अंड्यालासुद्धा वेगळे पातेले! डुकराचे मांस माझ्या हातून कधी शिजले नव्हते. पण पोटुशीचे डोहाळे पुरवताना सोवळे-ओवळे काढणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

जावई म्हणाले, "वास न येता शिजवता येतं, आई," आणि त्यांनी कपाटातून एक कांडी काढली. आपल्याकडे बादलीत पाणी तापवायची कांडी असते ना, तिची शहरात शिकून आलेली बहीण म्हणा. पातेल्याच्या कडेला ती अडकवायची, आकडा सांगायचा. मग ती पाणी तापवते, रवीसारखे घुसळते आणि सांगितलेल्या अंशावर तासन् तास तसेच राखते. पदार्थ पिशवीत घालून, आतली हवा ओढून, तोंड बंद करून त्या पाण्यात बुडवायचा. या रीतीला फ्रेंच नाव आहे, सू-व्हीद. म्हणजे निर्वातात शिजवणे. १९७४ साली रोआन गावच्या त्र्वाग्रो बंधूंच्या खाणावळीसाठी जॉर्ज प्रालूस या आचाऱ्याने बदकाचे काळीज शिजताना आटू नये म्हणून ती बसवली.

सासेजला ती मानवते याचे कारण मला पटले. उकळत्या पाण्यात वरचे आवरण फुटते, चरबी वाहून जाते, मांस आक्रसून आपला रस पिळून टाकते. इथे पाणी ठरल्या अंशाच्या वर जातच नाही; मग जादा शिजणार तरी कसे? आपण बासुंदीपाशी उभे राहून जे हाताने साधतो, ते ही कांडी करते. फक्त तिला गप्पा मारता येत नाहीत.

अडले ते आकड्यावर. जावई एरवी ६२ अंशांवर शिजवत. कमी उष्णता पण जास्त वेळ, असा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हे. पण गर्भारशीच्या बाबतीत तिथला सरकारी सल्ला स्पष्ट आहे: मांसाचा गाभा ७० अंशांवर निदान दोन मिनिटे राहायला हवा. मी म्हटले, "मग पाणी ७२ वर ठेवा. ७० चं पाणी गाभ्याला ७० वर नेता नेता संध्याकाळ करील." मऊपणा थोडा गेला तर गेला.

दुसरी धास्ती त्या बंद पिशवीची. हवेवाचून वाढणारा एक जंतू आहे, बोटुलिझमचा. त्याच्या नावातच 'बोटुलस' म्हणजे लॅटिनमधले सासेज बसले आहे. त्याच जर्मनीत, वुर्टेम्बर्गमध्ये, युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने १८२० साली सासेजच्या विषबाधेचे रोगी बारकाईने टिपून ठेवले. पुढे ते विष स्वतः चाखूनही पाहिले. हा गृहस्थ कवी होता, यात नवल नाही! त्या जंतूची बीजे ७२ अंशांना दाद देत नाहीत. म्हणून शिजले की लगेच खायचे. उरलेच तर बर्फाच्या पाण्यात गार करून शीतकपाटात. ओट्यावर विसरायचे नाही.

खाटकाकडून तीन कच्ची सासेजे आली, अंगठ्याहून जाड. पिशवीत एकाशेजारी एक निजवली. मग एक तास मी त्या पातेल्यापुढे बसले, आणि खरे सांगते, इतका अवघड स्वयंपाक मी आयुष्यात केला नाही. मी वासावरून आमटीतले मीठ ओळखणारी बाई! इथे वास नाही, चरचर नाही, वाफ नाही. ढवळायचे नाही, चाखायचे नाही. करायचे काय, तर काचेमागच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

तास झाल्यावर जावयांनी पिशवी उघडून एकाच्या पोटात टोकदार तापमापक खुपसला. ७१. दोन मिनिटे घड्याळावर मोजली. एरवी ती वरून तव्यावर लालसर करतात; वासासाठी ते आम्ही सोडून दिले. तेव्हा बशीत आले ते अगदी फिकट, रूप म्हणून काही नाही. दुसरी दोन वेगळ्या पिशवीत घालून पुन्हा पाण्यात सोडली.

लेकीने आधी बशी नाकाजवळ नेली. आम्ही दोघे श्वास धरून. मग तिने गोड मोहरीत बुडवून एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. बशी रिकामी झाली. जावई उगीचच खिडकीबाहेर बघू लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. पाच मिनिटे गेली, दहा गेली, वीस गेली. ती न्हाणीघराकडे उठली नाही.

"आई," ती म्हणाली, "अजून एक आहे का गं?"

होते. ७२ अंशांच्या पाण्यात, जसेच्या तसे.