पद्मिनीचा ताप

आमच्या घरात ताप मोजण्याची दोन साधने आहेत. एक औषधांच्या डब्यात असते आणि दुसरे गाडीत. पहिल्याला आम्ही फारसे भीत नाही. दुसऱ्याचा काटा उजवीकडे सरकू लागला, की मात्र आईपासून धाकट्या चिरंजीवांपर्यंत सारेजण बोलणे बंद करून त्याच्याकडे पाहत बसतात.

गाडी म्हणजे फिएट. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या गल्लीत तिला त्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी अण्णांनी 1983 साली घेतली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचे इंजिन 1089 सी.सी.चे, म्हणजे अगदी बेताचे. गिअरची दांडी चाकाशेजारी. अण्णा गेले आणि घराबरोबर गाडीही माझ्याकडे आली. घराची दुरुस्ती मला जमते, कारण ती दुसऱ्यावर सोपवता येते. गाडीचे तसे नाही. ती नेमकी बंद पडते ते आपण एकटे असताना, आणि आजूबाजूला सल्ला देणारे पुष्कळ असताना.

गेल्या वर्षी भाऊबिजेला डोंबिवलीला ताईकडे गेलो होतो. परतताना खोपोली सोडली, जुन्या रस्त्याने बोरघाटाची चढण लागली, आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच काटा टोकाला गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. मी गाडी कडेला घेतली आणि शिकल्यासवरलेल्या माणसाने करू नये ते केले: हाताला फडके गुंडाळून रेडिएटरचे टोपण फिरवले.

त्या टोपणात एक स्प्रिंग असते. ती आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते, त्यामुळे शंभर अंशांवर गेलेले पाणीही उकळत नाही. टोपण सैल केले, की दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उसळते. हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले, की मनगटापासून कोपरापर्यंत माझा हात भाजला आहे आणि आई ओरडते आहे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिला रस्त्याकडेच्या दगडावर बसवून आम्ही दीड तास गाडी थंड होण्याची वाट पाहिली. हिने माझ्या हातावर गार पाणी ओतले आणि एक अक्षरही बोलली नाही. तिचे न बोलणे फार बोलके असते.

घरी आल्यावर निकाल लागला, की गाडी विकावी. पुतण्याने तर गिऱ्हाईकही पाहून ठेवले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा रस्त्यावरून गेली, मग आपणच ही का धरून बसायची, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. आई एवढेच म्हणाली, "विकायची तर वीक बाबा. माझ्यादेखत नेऊ नका म्हणजे झालं."

आता हे ऐकल्यावर कोण विकणार?

अण्णांचे एक मिस्त्री होते. अजून आहेत. सत्तरी ओलांडली आहे, गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि चिंचेचे झाड. मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी वॉटर पंप हाताने हलवून पाहिला, खाली ठिबकणारे पाणी दाखवले आणि पंप बदलला. मला वाटले, सुटलो. फेब्रुवारीत एका रविवारी एकटाच घाट उतरून पुन्हा चढून आलो, तर काटा पुन्हा टोकाला! मी तसाच शेडवर गेलो आणि चार लोकांदेखत म्हणालो, "अण्णा असते तर हे असलं काम तुम्ही केलं असतंत का?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. आत गेले, जुना पंप घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवला. त्याचा दांडा लुळा पडला होता, सहज डुगडुगत होता. माझे डोळे ते पाहत होते; पण माणूस चिडला, की डोळ्यांचे ऐकत नाही.

त्यानंतर मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेची खोली होती, चहा होता, आणि समजावून सांगणारा एक तरुण इंजिनिअर होता. त्याच्याकडून मी बरेच शिकलो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या वाट्याला येतो. उरलेली बहुतेक धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. (मास्तरांच्या व्याख्यानातला विद्यार्थ्यांपर्यंत पोचणारा हिस्सा यापेक्षा फार जास्त नसावा.) त्यांनी रेडिएटर उघडून नळ्यांतून सळया घातल्या आणि गंजाचा चिखल काढला. थर्मोस्टॅट नवा, होज पाइप नवे, पट्टा नवा, टोपण नवे. एकूण अठरा हजार रुपये. प्रत्येक काम प्रामाणिक होते. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी, त्याच वळणावर, काटा पुन्हा टोकाला गेला. या खेपेस टोपणाला हात लावला नाही, एवढीच प्रगती.

मिस्त्रींकडे परत जाण्याचे धैर्य गोळा करायला मला दहा दिवस लागले. शेडसमोर गाडी उभी करून मी दोन मिनिटे आतच बसलो. ते बाहेर आले. माझ्याकडे न पाहता त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"प्रोफेसर, तापते कधी? सिग्नलला उभी असताना?"

"नाही. तेव्हा ठीक असते."

"म्हणजे वाऱ्याचा दोष नाही. पंखा बरा आहे. सपाटीला?"

"थोडी चढते. घाटात मात्र हमखास."

"पेट्रोल किती खाते?"

मी गोंधळलो. पेट्रोलचा इथे काय संबंध? पण आठवून सांगितले, की अण्णांच्या वेळी लिटरला बारा-तेरा किलोमीटर देई, आता नऊसुद्धा देत नाही. आणि हो, चढणीला ओढतही नाही. तिसऱ्यात जाणारी दुसऱ्यात रडते.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

खरेच, का नाही? मला ती वेगळी तक्रार वाटली होती. डॉक्टरकडे खोकला घेऊन जावे आणि रात्री घाम फुटतो हे घरीच ठेवून यावे, तसा प्रकार. वर्कशॉपातही मी 'तापते' हा एकच शब्द सांगितला, आणि तापते म्हटल्यावर सगळ्यांनी पाण्याची वाट धरली. मिस्त्रींनीसुद्धा आधी तीच धरली होती. ते त्यांनी स्वतःच कबूल केले. "गळता पंप दिसला आणि मी तिथंच थांबलो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

मी काही बोलणार तोच त्यांनी डेल्कोचे झाकण काढले. डेल्को म्हणजे ठिणगी वाटून देणारा डबा. त्यात दोन छोटे पॉइंट असतात. ते एकमेकांपासून सुटले, की ठिणगी पडते. त्यांच्यामधली फट पुरी अर्धा मिलिमीटरही नसते. फिरत्या दांड्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजली होती, त्यामुळे फट जवळजवळ मिटली होती आणि ठिणगी उशिरा पडत होती. ठिणगी उशिरा, म्हणून पेट्रोल उशिरा जळणार. चाकांना जोर देण्याची वेळ टळून गेल्यावर जळणार, आणि बाहेर पडतानाही जळतच राहणार. ती सारी धग हेडच्या भिंतींना आणि तिथून पाण्याला. सपाटीला हे खपून जाते. चढणीला पेट्रोल जास्त, वेग कमी, वारा कमी. मग रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी पाणी बिचारे काय करणार?

"मिस्त्री, त्या दिवशी मी जे बोललो..."

"हा बल्ब धरा," ते म्हणाले.

मी बल्ब धरला. नवे पॉइंट बसवून, पात्याने फट मोजून, ते डेल्को केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवीत होते. एका जागी बल्ब पेटला. ते थांबले, किंचित मागे गेले, पुन्हा पुढे आले. तो पुन्हा पेटला. त्यांनी नट आवळला. माझा हात थरथरत होता असे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण बल्ब त्यांनी हळूच माझ्या बोटांतून काढून घेतला. त्या हातावरचा भाजल्याचा डाग त्यांनी पाहिला. "गरम टोपण अण्णासाहेबांनीही एकदा उघडलं होतं," ते म्हणाले. हे मला कधीच कोणी सांगितले नव्हते.

पॉइंटचे दीडशे आणि मजुरीचे शंभर. मी पाचशे पुढे केले, तर त्यांनी मोजून अडीचशे परत दिले.

मे महिन्यात, भर उन्हात, आईला घेऊन पुन्हा डोंबिवलीला गेलो. परतताना खोपोली सुटली आणि नेहमीप्रमाणे गाडीतले बोलणे थांबले. पहिले वळण गेले, दुसरे गेले. काटा मध्यापलीकडे जरा सरकला आणि तिथेच राहिला. गाडी तिसऱ्या गिअरात चढत होती. मागून धाकटे चिरंजीव पुटपुटले, "बाबा, अजून काहीच होत नाही!" त्यांच्या स्वरात थोडी निराशाही होती. शिंग्रोबाचे देऊळ दिसू लागले.

"थांबव," आई म्हणाली.

"आई, तापली नाही गं. बघ, काटा बघ."

"ते कळलं मला. पण ते इथं थांबायचे. देवाला नाणं टाकायचे, बॉनेट उघडायचे आणि मला चहा द्यायचे. तापली असो, नसो."

मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडले. हिने पिशवीतून थर्मास काढला.