मूर्तिजापूरचा थांबा

अमरावतीहून अकोल्याला जायचे तर शंभराच्या आतबाहेर किलोमीटर. शहाणा माणूस बडनेऱ्याला आगगाडीत बसतो. मी मात्र बाबांची जुनी मोटारसायकल घेऊन निघालो होतो. बाबा गेल्यावर ती दोन वर्षे पडवीत उभी होती. ताईचा मुलगा अकोल्याला शिकतो. "मामा, आजोबांची गाडी मला द्या ना," असे तो म्हणाला, आणि दिवाळीच्या आत ती पोचवायची असे मी ठरवून टाकले.

आदल्या दिवशी मी तिची मोठ्या प्रेमाने सेवा केली. पुसली, चाके काढली, बेअरिंगांत बोटबोटभर ग्रीस भरले. ही सेवा लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

अंबादेवीला हात जोडून निघालो. बडनेऱ्याला गिलावडा खाल्ला आणि पुढे कळले की, पुढचा ब्रेक दाबला तर मूठ घट्ट लागते, पण गाडी काही थांबत नाही. मी वायर ताणली. वाटले, जिंकलो! लोणीपर्यंत चाकातून सूं सूं आवाज येऊ लागला. हबला हात लावला तर चटका बसला.

हाच तो रस्ता, जिथे 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर टाकून जागतिक विक्रम झाला. काय गुळगुळीत! दोन्ही बाजूंना काळी माती, फुटलेला कापूस. असा रस्ता गाडीला पळ म्हणतो. थांबायचे कसे, ते ज्याचे त्याने पाहावे.

मूर्तिजापूरला चहासाठी गावात शिरलो आणि एका वळणावर शेळीमागे धावणारी चिमुरडी समोर आली. पुढचा ब्रेक दाबला, काहीच नाही. मागचा दाबला, चाक फरफटत गेले. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि माझ्यात हातभर अंतर होते. ती शेळी घेऊन निघून गेली. माझे पाय मात्र बराच वेळ लटपटत होते.

स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री भेटले. जवळच शकुंतलेचे अडीच फुटी रूळ. 1994 पर्यंत ती गाडी वाफेच्या इंजिनावर धावे. आता बंद पडली आहे.

"थांबत नाई म्हनता, मंग घेऊन काहून निंगाले जी?" मिस्त्री म्हणाले.

मी वायर ताणल्याचे सांगितले. ते हसले. मूठ पार दांड्याला टेकत असेल तर दोष वायरीचा किंवा झिजलेल्या लायनरचा. मूठ घट्ट लागूनही गाडी थांबत नसेल तर दोष आत, ड्रममध्ये. वायर ताणली की लायनर सतत घासतात, हब तापतो.

चाक उघडले. ओल्या फडक्याने ड्रम पुसत ते म्हणाले, "फुकाचं नाई." जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे; ती धूळ छातीत जाऊ नये. लायनर काळेभोर, चकचकीत.

"बेअरिंगले ग्रीस कोनं पाजलं?"

"मीच."

"बेअरिंगचं पोट भरलं, अन् उरलेलं ब्रेकनं खाल्लं. तापलं तसं आनखी पाझरलं."

घाईने मी म्हणालो, "पॉलिश पेपर मारून द्या ना, अकोल्यापर्यंत हळू नेतो."

"तुमी हळू न्यान. मंग चालवनार कोन?"

भाच्याचे वय एकोणीस. मी गप्प बसलो.

लायनर ग्रीस प्यालेले. घासून ते वर कोरडे दिसतात, तापले की पुन्हा ओलावतात. मिस्त्रींनी नवे शू आणवले, ड्रम स्वच्छ केला, जास्तीचे ग्रीस काढले, सील बदलले. चाक बसवताना एक्सलचा नट सैल ठेवून त्यांनी मला ब्रेक दाबून धरायला लावला आणि तसाच नट आवळला. दोन्ही शू मधोमध बसतात, म्हणाले. मग मूठ सोडून चाक फिरवले, मोकळे फिरले.

"नवे लायनर हाय. पयले हळू हळू दाबत जा. एकदम भरवसा ठेवू नका."

बोरगाव मंजूपर्यंत मी तसाच आलो. मोर्णेच्या पुलावर दिवे लागले होते. भाचा फाटकातच उभा. किल्ली देण्याआधी त्याला मोकळ्या गल्लीत नेले, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सोडली आणि ब्रेक दाबायला सांगितला. गाडी जागच्या जागी थांबली.

"रोज निघताना आधी हे," मी म्हटले.

"आजोबा पण असंच करायचे," ताई ओसरीवरून म्हणाली. मला ते माहीतच नव्हते. किल्ली मी तेव्हा दिली.