वार्ता आणि शेजार

आमच्या घरी सकाळी दोन वर्तमानपत्रे येतात, एक मराठी आणि एक कानडी. बीदरच्या आसमंतात, आमच्या कोळारात, ज्यांची तीन-चार पिढ्यांची वस्ती झाली आहे अशा बहुतेक मराठी घरांत ही रीत आढळेल. मराठी पत्र मनासाठी आणि कानडी पत्र कामासाठी, असा वडिलांचा हिशेब होता. सरकारी जाहिराती, तुरीचा भाव, निकालांच्या तारखा कानडीत पाहावयाच्या. अग्रलेख, रविवारची पुरवणी आणि शब्दकोडे मराठीत. या दोन पत्रांतून येणारी बातमी निराळी असते हे आम्हांस ठाऊक होते. तिच्याबरोबर एक मनःस्थितीही घरात येते आणि ती नकळत आपली होऊन बसते, हे कळण्यास मात्र डिसेंबर २०२२ उजाडावा लागला. त्या महिन्यात आमच्या ओट्यावर जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. त्यात आमच्या मोठेपणाचे काही नाही, उणेपणाचेच आहे. परंतु त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात कानडी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. त्यांच्या काळी बातमी मुख्यतः कानाने येई. आजच्या बसवकल्याण तालुक्यातील गोरटा गावी १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाची वार्ता आमच्या घरी वर्तमानपत्राने आणली नाही, ती माणसांनी आणली. पुढे १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी पुकारली. ती घोषणा रेडिओवरून झाली. गावात एकाच घरी रेडिओ होता आणि त्या घराच्या पायऱ्यांवर बसून ऐकलेली ती संध्याकाळ आजोबा आम्हांस इतक्यांदा सांगत, की ती आम्हीच अनुभवली असे अजूनही वाटते.

मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत याच भागातील मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते आमच्या घरी कधी कोणी सांगितले नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली होती आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नमूद केले होते. तो अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. आम्ही त्याविषयी वाचले तेव्हा आमची पन्नाशी उलटली होती. आजोबांनी सांगितलेले खोटे नव्हते. ते अर्धे होते, आणि त्या अर्ध्यावर आम्ही पन्नास वर्षे एक संपूर्ण मत बाळगले होते. माणसाचे मत त्याच्या कानांवर जे पडते त्यावर उभे राहते, तसेच जे पडू दिले जात नाही त्यावरही उभे राहते, हा पहिला धडा आम्हांस असा उशिरा मिळाला.

चित्रांशी आमची ओळख १९७५ साली झाली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यासाठी निवडले होते. देशातील कित्येक मोठ्या शहरांनी दूरचित्रवाणी पाहिलेली नव्हती, तेव्हा गुलबर्गा जिल्ह्यातील आमच्या मामांच्या गावच्या शाळेसमोर तो संच मांडलेला असे. सकाळी मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास, एवढाच कार्यक्रम. शेती, आरोग्य, थोडे गाणे-बजावणे, तेही कानडीत. लिंगायत, मुसलमान, मराठे, ब्राह्मण अशी सारी मंडळी एकाच चटईवर बसून एकच चित्र पाहत. पाहून झाले की तेथेच त्यावर बोलणे होई. बियाण्याविषयी दाखवलेले खोटे आहे असे कोणी म्हणे, दुसरा आपल्या रानातला दाखला देई. चित्र संपले तरी गाव उठत नसे. पुढे प्रत्येक घरात संच आला, तेव्हा चटई गुंडाळली गेली आणि तिच्याबरोबर ते बोलणेही संपले. या बोलण्याची किंमत तेव्हा आमच्या ध्यानी आली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही भिंती हलल्या, भांडी फळीवरून खाली आली. रेडिओवर बातमी ऐकताच गल्लीतल्या बायकांनी चुली पेटवल्या आणि दुपारपर्यंत भाकऱ्यांच्या गाठोड्यांनी भरलेली गाडी उमरग्याच्या दिशेने निघाली. आम्हीही तिच्यात होतो. जे पाहिले ते येथे लिहिणार नाही. पण एवढे सांगू शकतो, की त्या दिवसांत आम्ही दुःखी होतो, थकलेलो होतो, तरी भेदरलेले नव्हतो. बातमीने आमच्या हातांना काम दिले होते.

याच्या उलट अनुभव मार्च २०२० मध्ये आला. करोनाने देशात झालेला पहिला मृत्यू कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचा होता. ते १० मार्चला वारले आणि दोन दिवसांनी ती बातमी जाहीर झाली. ज्या कलबुर्गीचे नाव राष्ट्रीय वाहिन्यांवर क्वचितच ऐकू येई, ते दिवसभर पडद्यावर झळकू लागले. पुण्याहून, ठाण्याहून नातलगांचे दूरध्वनी आले. आमच्या मातोश्री तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. त्या सकाळपासून रात्रीपर्यंत वाहिन्यांसमोर बसत. आकडे वाढत, लाल पट्ट्या सरकत, आणि मातोश्रींची झोप उडत गेली. कोणी दारात आले की त्या पदर नाकाशी धरीत आणि ते जाईपर्यंत बोलत नसत. घरात कोणाला साधा ताप नव्हता, पण घर आजारी होते. डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी रक्तदाबाची गोळी पूर्ववत ठेवली आणि म्हणाले, “बातम्या सकाळी एकदा, पाच मिनिटे. बाकीचा वेळ टीव्ही बंद.” चौथ्या दिवशी मातोश्रींना झोप लागली.

बातमी खरी होती, सावधगिरीही आवश्यक होती. भय मात्र त्या दोहोंच्या प्रमाणाबाहेर गेले होते. पुढे आमच्या वाचनात एक अभ्यास आला. १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच्या बातम्या पाहिल्या, त्यांनी सांगितलेला मानसिक ताण प्रत्यक्ष घटनास्थळी अथवा जवळपास असलेल्या लोकांच्या ताणापेक्षाही अधिक होता, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना आढळले. वाचताना आम्हांस किल्लारी आठवली आणि मातोश्रींचा पदर आठवला. जेथे माणूस उभा असतो तेथे संकटाला कडा असतात, ते कोठे संपते हे दिसते. पडद्यावर त्याला कडा नसतात. एकच कोसळणारी भिंत दिवसातून शंभर वेळा कोसळते, आणि आपल्या हातांना उचलण्यासाठी एक वीटही मिळत नाही. करण्यासारखे काही न देणारी बातमी मग मनातच घर करते आणि वृत्तीचे रूप घेते.

आता डिसेंबर २०२२ कडे येतो. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची चर्चा त्या हिवाळ्यात पुन्हा तापली होती. ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. मराठी वाहिन्यांनी ते दृश्य सायंकाळभर फिरवले. आम्ही ते किती वेळा पाहिले याचा हिशेब नाही. बेळगाव आमच्यापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरी त्या काचा आमच्याच अंगणात फुटत असल्याप्रमाणे आमच्या कानशिलांत रक्त चढत होते.

त्याच वेळी शेजारचे अप्पा तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन ओट्यावर आले. चाळीस वर्षांचा शेजार. त्यांच्या थोरल्या मुलाला आम्ही शाळेत शिकवले, आमच्या वडिलांच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला. त्यांना ‘बसा’ म्हणण्याऐवजी आमच्या तोंडून निघाले, “अप्पा, तुमच्या लोकांनी बेळगावात हे काय चालवले आहे?”

अप्पा क्षणभर उभे राहिले. मग त्यांच्या मिश्र बोलीत म्हणाले, “गुरुजी, माझी माणसं सकाळधरनं रानात हाइत. बेळगाव तर मी अजून बघितलं बी नाही.” शेंगांची पिशवी त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली आणि ते निघून गेले.

सीमाप्रश्नावर आमचे एक मत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे आणि आम्ही म्हैसूरकडे. आमच्या आत्या एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या. त्या जखमेविषयी आम्हांस जे वाटते ते वडिलांपासून आलेले आहे, वाचून आणि जगून तपासलेले आहे, आणि ते आजही बदललेले नाही. पण त्या संध्याकाळी अप्पांशी बोलले ते हे मत नव्हते. मत आमचे होते, राग उसना होता. तीन तासांत दिवाणखान्यात बसून तो आम्ही घेतला आणि ज्याच्याकडे त्याचे काही देणे नव्हते त्याच्यापाशी फेडला.

अमेरिकेतील जॉर्ज गर्बनर या अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या परिणामांचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. जे लोक ती अधिक पाहतात त्यांना जग आहे त्याहून अधिक धोक्याचे आणि माणसे अधिक अविश्वासू वाटू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. एखादा कार्यक्रम पाहून माणूस लगेच बदलतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. पाणी जसे झिरपत झिरपत जमिनीचा पोत बदलते, तसा रोजच्या पाहण्याने मनाचा पोत बदलतो. आमच्या तोंडी ‘तुमचे लोक’ हा शब्द एका संध्याकाळी आला, पण त्याची जमीन कित्येक महिने भिजत होती.

पुढचे सतरा दिवस अप्पा आले नाहीत. २३ डिसेंबरला वेळ अमावास्या होती. आमची ‘येळवस’ आणि त्यांची ‘एळ्ळ अमावास्या’ एकच. पलीकडे लातूर-उस्मानाबादेत आणि अलीकडे बीदर-कलबुर्गीत त्या दिवशी गावे ओस पडतात, सारे रानात जेवतात. लातूरकडचे मराठी शेतकरी पिकांभोवती फिरताना जो घोष करतात त्यातले शब्द जुन्या कानडीचे आहेत, आणि ते उच्चारताना कोणाला राज्याची सीमा आठवत नाही. ज्या गुरुचरित्रासाठी आपली घरे गाणगापूरची वाट धरतात, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांनीही मराठी ही आपली भाषा नसल्याचे ग्रंथातच सांगून ठेवले आहे. आपल्या भागाचे पोत असे आहे.

दर वर्षी अप्पांचे बोलावणे आदल्या दिवशी येई. या वेळी आले नाही. सकाळी आमच्या सौ. आंबिलीचे मडके झाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बोलावण्याची वाट कसली पाहता? चूक आपली आहे, पायही आपलेच झिजले पाहिजेत.”

आम्ही रानात पोहोचलो तेव्हा ज्वारीच्या कडब्याच्या खोपीपुढे पूजा मांडलेली होती. अप्पांनी आम्हांस पाहिले आणि घरच्या बाईंना कानडीत आणखी दोन पाने मांडण्यास सांगितले. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन एवढेच म्हणालो, “अप्पा, तप्पायितु.” चूक झाली. आयुष्यभर कानडीत व्यवहार केला, पण क्षमा त्या भाषेत प्रथमच मागितली.

भज्जी वाढता वाढता अप्पांनी सांगितले, की त्या संध्याकाळी त्यांच्या घरी कानडी वाहिनी चालू होती. तीवर पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासल्याचे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला होता, “आज त्या मराठी घरी जाऊ नका.” तरीही ते शेंगा घेऊन आले होते.

हे ऐकून घास घशाशी अडला. एकाच गल्लीत, एकाच वेळी, दोन घरांत दोन खरी दृश्ये दाखवली जात होती आणि दोन्ही घरे निम्मे सत्य पाहून पेटत होती. फरक एवढाच, की अप्पा उठून बाहेर पडले आणि आम्ही बसून राहिलो.

तेव्हापासून घरात एक नेम आहे. संध्याकाळी वाहिन्या लागत नाहीत. सकाळी एकच बातमी आम्ही दोन्ही वर्तमानपत्रांत वाचतो आणि एकात असलेले दुसऱ्यात काय गळले ते पाहतो. मग अप्पा चहाला येतात, आणि शाळेसमोरच्या त्या चटईवर जसे बोलणे होई तसे थोडे बोलणे होते. आमची मते पुष्कळदा जुळत नाहीत. सीमाप्रश्नावर तर मुळीच नाहीत. परंतु वाद घालायला ते आमच्या ओट्यावर येतात, आणि येताना त्यांच्या हाती बहुधा रानातले काहीतरी असते.