ट्रॅक्टरची नोट

अंगाने ती लहानखुरी. लांबी 117 मिलिमीटर, रुंदी 63. रंग हिरवट. पुढून गांधीजी हसतात, पण तिची खरी ओळख पाठीवर आहे. उलटी केली की ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी दिसतो, नांगरलेलं रान, त्यापलीकडे डोंगर आणि डोंगरामागून वर येणारा सूर्य. एका कडेला भाषांची पट्टी आहे. त्यातलं मराठीतलं ‘पाच रुपये’ शोधायला म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावावा लागतो. वाशिम जिल्ह्यात मृग लागला की सोयाबीन आणि तुरीशिवाय दुसरं बोलणं नसतं. अशा मुलखात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाचाची नोट म्हटलं तर लोक क्षणभर थांबतात, ट्रॅक्टरची म्हटलं की लगेच कळतं.

तिला एक थोरली बहीण आहे. सत्तरच्या दशकात अशोकस्तंभाचे सिंह असलेल्या पाचाच्या नोटेच्या पाठीवर ट्रॅक्टर आला. त्याआधी तिथे हरणं होती. नोव्हेंबर 1995 मध्ये पाचाची छपाई थांबली, कारण नाणं जास्त टिकतं. नोव्हेंबर 2001 मध्ये ती गांधीजींसह परत आली, आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा बंद झाली. योगायोग असा, की त्याच नोव्हेंबर 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नोटांच्या गड्ड्यांना पिना मारायला मनाई केली. त्यामुळे थोरली कितीही कोरी असली तरी तिच्या अंगाला बहुधा पिनेची भोकं असतात. धाकटी बिनभोकाची सापडू शकते. संग्राहक ही भोकं आधी बघतो. विकणाऱ्याला मात्र ती दिसतही नाहीत, आणि जाहिरातीत दोघी बहिणींना एकच नाव मिळतं: ‘जुनी ट्रॅक्टर नोट’. भावाचा घोळ इथूनच सुरू होतो.

स्वभावाने ती साधी. मोठा व्यवहार तिने कधी केला नाही. एसटीत कंडक्टरने परत दिलेली, बालाजीच्या देवळात ताटात टाकलेली, ओवाळणीत भावाने घातलेली, पाटणी चौकातल्या दुकानाच्या गल्ल्यात तळाशी दबून राहिलेली. जिथे ठेवली तिथे राहायची तिला सवय. पोथीच्या पानात खूण म्हणून, आजीच्या बटव्यात चार घड्या घालून, लहान मुलाच्या डब्यात. तिच्यावर कधी कुणाचं लग्न अडलं नाही, कुणाचं कर्जही फिटलं नाही.

आणि अशा गरीब स्वभावाच्या नोटेवर मोबाइलने लाखांचं ओझं टाकलं. ‘ट्रॅक्टरची नोट असेल तर लखपती व्हाल’ असे व्हिडिओ फिरले. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या, पोथ्या झटकल्या गेल्या. घड्या उलगडल्या, काहींनी तर नोटा इस्त्री केल्या. इस्त्रीने नोटेचा कागद मरतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. पाच रुपयांची नोट पाच रुपयांचीच राहते, पण संग्राहकासाठी तिच्यात जे काही थोडंफार शिल्लक होतं तेही जातं.

त्या लाखाच्या आकड्यापुढे आपली माणसं हरतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण भाव पारखण्याची विद्या या मुलखाकडे आधीपासून आहे. वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची हर्रासी झाली की दर लागतात: आवक इतके क्विंटल, कमीत कमी अमुक, जास्तीत जास्त तमुक आणि सर्वसाधारण एवढा. शेतकरी जास्तीत जास्तवर नजर टाकतो आणि बोट ठेवतो सर्वसाधारणवर. त्याला माहीत असतं की तो वरचा आकडा एखाद्याच ढिगाचा आहे. माल बियाण्याजोगा असेल, ओलावा कमी असेल, माती-काडी नसेल. किंवा तो मुहूर्ताचा सौदा असेल: हंगामाचा पहिला माल, व्यापाऱ्याने शुभ म्हणून चढ्या दराने घेतलेला, हार-नारळासकट. त्या दराने दुसऱ्या दिवशी कुणी ट्रॉली भरत नाही. आवक किती होती हेही तो विचारतो. चार पोत्यांवर निघालेला दर आणि चार हजार क्विंटलवर निघालेला दर यांना तो सारखं वजन देत नाही. आणि सगळ्यात शेवटी, चुकारा झाला का? पैसे हातात पडेपर्यंत त्याच्या लेखी सौदा पुरा नसतो.

ट्रॅक्टरच्या नोटेला हेच सगळे प्रश्न विचारायचे आहेत. विचारत मात्र कुणी नाही.

तिच्या नावाने इंटरनेटवर तीन प्रकारचे आकडे फिरतात. पहिला, मागितलेला. जाहिरातीच्या साइटवर कुणीही पाच लाख लिहू शकतं. तो आकडा विकणाऱ्याच्या इच्छेचा आहे, भावाशी त्याचा संबंध नाही. अशा साइटवर ‘विकली’ असा शिक्का दिसला तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की टाकणाऱ्याने जाहिरात बंद केली. पैसे साइटमधून जातच नाहीत, मग ती साक्ष कशाची देणार?

दुसरा आकडा, विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीतला. हा अधिक भरवशाचा, आणि म्हणूनच त्याला जास्त बारकाईने तपासावं लागतं. ईबेवर विकलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात, साधारण गेल्या तीन महिन्यांच्या. ईबेचं भारतातलं दुकान ऑगस्ट 2018 मध्ये बंद झालं, त्यामुळे आता तिथे दिसणारा सौदा बहुधा परकीय चलनातला असतो आणि त्यात समुद्रापलीकडचा टपालखर्च मिसळलेला असू शकतो. घासाघीस करून कमी किमतीत दिलेली वस्तूही कधीकधी मूळ मागितलेल्या किमतीसह दिसते. खरी किंमत आत झाकलेली राहते. शीर्षकात ‘5 रुपये ट्रॅक्टर’ एवढंच असतं आणि आत शंभर नोटांची अख्खी गड्डी विकलेली असते. घाईत पाहणारा त्या गड्डीची किंमत आपल्या एका नोटेला लावतो. कधी बोली चढवणारा विकणाऱ्याचाच माणूस असतो. कधी बोली जिंकणारा पैसे भरतच नाही. यादीला यातलं काहीच दिसत नाही, ती नुसतं ‘विकलं’ म्हणते.

पण या नोटेकडे एक गोष्ट आहे जी सोयाबीनच्या दाण्याकडे नाही. तिच्या अंगावर तिचा क्रमांक आहे. पुढे आकडे आणि एक अक्षर, म्हणजे प्रीफिक्स; मग सहा आकडे. हाच क्रमांक, तीच सही, तेच साल आणि क्रमांकाच्या चौकटीतलं तेच अक्षर असं सगळं जुळणारी दुसरी नोट नसते. म्हणून विकलेल्या नोटेचा फोटो उघडून क्रमांक वहीत टिपून ठेवावा. तीच नोट, त्याच क्रमांकाची, महिन्याभराने त्याच विकणाऱ्याकडे पुन्हा बोलीला आली तर आधीचा सौदा फसला होता असंच धरावं, आणि तो आकडा आपल्या हिशेबातून खोडून टाकावा. स्वतःच्या खरेपणाची साक्ष ही नोट स्वतःच देते, हा तिचा मला सर्वांत भावलेला गुण.

क्रमांकावरूनच तिच्या नावाने सगळ्यात मोठी फसवणूकही होते. ‘786 असलेली ट्रॅक्टरची नोट’ ही दुर्मीळ गोष्ट म्हणून सांगितली जाते. हिशेब करून पाहू. एका प्रीफिक्समध्ये दहा लाख नोटा. शेवटी 786 येणारी नोट दर हजारात एक, म्हणजे एका प्रीफिक्समध्ये एक हजार. सहा आकड्यांत कुठेही 786 आलेल्या नोटा मोजल्या तर 3,999. म्हणजे हजार नोटांमागे जवळजवळ चार. असे प्रीफिक्स कितीतरी छापले गेले. श्रद्धेने ही नोट जपणाऱ्याचा मान ठेवावा, तो थोडे जास्त पैसेही आनंदाने देतो. पण हजारात चार निघणाऱ्या वस्तूला लाखाचा भाव लागत नाही. 786786 ही नोट मात्र प्रीफिक्समध्ये एकच. फरक आहे तो इथे, आणि शीर्षकात दोघींना पुन्हा एकच नाव: ‘786 नोट’.

नावाखाली मिसळ झाली की भाव कसा बिघडतो, याचा याच जिल्ह्यातला मोठा धडा मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याचा आहे. 1939 मध्ये, मंगरुळपीर अकोला जिल्ह्यात असताना, तिथे सुमारे 1,600 सातवाहन नाण्यांचा साठा सापडला. पोटीन या मिश्रधातूची नाणी, एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली, राजाराजाप्रमाणे वेगळी केली, मोजली. गौतमीपुत्र सातकर्णीची नाणी निघाली, आणि पुराणांच्या यादीत ज्यांची नावंच नाहीत अशा कुंभ, कर्ण, शक या सातकर्णींचीही. ही नोंद आजही भरवशाची आहे, कारण तिच्यात जागा आहे, संख्या आहे, नाण्यांवरची नावं आहेत. आज ‘सातवाहन हत्ती’ एवढंच शीर्षक देऊन अशा घडणीची नाणी विक्रीला येतात. गौतमीपुत्राचं भरपूर मिळणारं नाणं आणि कुंभ सातकर्णीचं दुर्मीळ नाणं एकाच नावाखाली येतं. त्या यादीची सरासरी काढणारा कुणाचाच भाव काढत नाही. (आणि एक सांगून ठेवतो: जमिनीत असा साठा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने कुणाही व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. नांगराच्या तासात हत्ती दिसला तर आधी कार्यालय, मग उत्साह.)

तिसरा आकडा हातात पडलेला. हा सगळ्यात खरा आणि सगळ्यात लपलेला. मुंबईचं टोडीवाला, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स यांसारखी लिलावगृहं कॅटलॉग काढतात आणि लिलावानंतर निकाल देतात. तिथे नोटेची प्रत लिहिलेली असते, फोटो असतो, तारीख असते; म्हणून ती नोंद वजनदार. तरीही हातोडा पडलेली किंमत आणि विकणाऱ्याच्या हातात आलेली रक्कम एक नसते. घेणारा वर प्रीमियम भरतो, विकणाऱ्यातून दलाली कापली जाते. शिवाय तिथे जातात त्या निवडक वस्तू. आपली चार घड्यांची नोट त्या दारात उभीच राहत नाही. आणि न विकलेल्या वस्तू? विकलेल्यांच्या यादीत त्या येतच नाहीत. एकाच नोटेसाठी दहा जणांनी पाचशे मागितले, नऊ जणांच्या नोटा पडून राहिल्या आणि एकाची गेली, तर यादीत फक्त तो एक दिसतो. बाजार समितीत न विकता परत गेलेली ट्रॉली सगळे बघतात. इथे ती कुणाला दिसत नाही.

कुणी या नोटेसाठी लाख द्यायला तयार झाला आणि आधी ‘नोंदणी शुल्क’, ‘जीएसटी’, ‘फाइल चार्ज’ मागितला, तर तिथेच फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत तिचा काहीही भाग नाही आणि अशा व्यवहारासाठी ती शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना लुबाडलं जातं आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार करावी. लाज वाटून गप्प बसलेल्या माणसाची रक्कम परत मिळणं फार अवघड.

कुणाला खरंच विकायची असेल, तर ज्या दुकानात जुन्या नोटा घेतात तिथे विकत घ्यायला जावं, विकायला जाण्याच्या आधी. तशाच प्रतीची नोट तो कितीला देतो ते कळलं की तो कितीला घेईल याचा अंदाज आपोआप येतो. मग यादीतल्या निदान पाच-सहा सौद्यांचे फोटो उघडावेत. बहीण कोणती, गव्हर्नरची सही कुणाची, क्रमांकाच्या चौकटीतलं पुसट अक्षर आहे की नाही, घडी आहे की कोरी, नोट एक की गड्डी, हे जुळल्याशिवाय तो आकडा आपला मानू नये. सगळं जुळणारे दोनच सौदे सापडले तर भाव अजून निघालेला नाही असं समजावं आणि थांबावं.

ट्रॅक्टरची नोट आजही चलनात आहे. छपाई थांबली तरी तिची वैधता गेलेली नाही, आणि वापरून मऊ पडलेल्या बहुतेक नोटांचा भाव पाच रुपयेच आहे. ज्यांनी तिच्या कोऱ्या, निवडक बहिणी विकल्या आहेत अशा आपल्याकडच्या संग्राहकांना माझी एक विनंती: क्रमांक, प्रत, तारीख आणि दलाली कापून हातात आलेली रक्कम एका वहीत लिहून ठेवा, आणि नवीन माणूस विचारायला आला की ती वही त्याला दाखवा.